पॉर्न, तरुण आणि समतेची अपुरी फूटपट्टी

पॉर्नोग्राफीवर वाद निघाला की बोलणारे लगेच दोन ठरलेल्या बाजूंना जाऊन उभे राहतात. एका बाजूला शील आणि संस्कार यांच्या काळजीने अस्वस्थ झालेली माणसे असतात. असल्या चित्रफितींमुळे तरुणांची मने नासतात, म्हणून त्या बंद झाल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे असते. दुसऱ्या बाजूला व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणारे असतात आणि सज्ञान माणसाने दार लावून काय पाहावे यात इतरांनी नाक खुपसू नये, असे ते सांगतात. दोघांचेही लक्ष पाहणाऱ्यावरच खिळलेले असते, कारण एकाला त्याच्या चारित्र्याची चिंता असते आणि दुसऱ्याला त्याच्या हक्काची. हा पाहणारा तरुण ज्या स्त्रियांबरोबर शिकणार, काम करणार, प्रेम करणार, त्यांच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहू लागतो, हा प्रश्न मात्र या भांडणात बाजूला पडतो. माझ्या मते मुख्य सार्वजनिक प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना हाती येणारा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच गैरसोयीचा आहे.

या बाबतीत डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. डेन्मार्कने लिखित पॉर्नवरील बंदी १९६७ साली आणि चित्रांवरील बंदी १९६९ साली उठवली, म्हणजे तिथल्या तरुणांना ही गोष्ट चोरून मिळवण्याची गरज कित्येक पिढ्यांपासून उरलेली नाही. शिवाय स्त्री-पुरुष समतेच्या बाबतीत तो देश जगात बराच पुढे गणला जातो. अशा ठिकाणी गेर्ट मार्टिन हाल्ड, नील मालामुथ आणि थेइस लांगे यांनी लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या तरुण स्त्री-पुरुषांवर एक प्रयोग केला आणि २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी सहभागी तरुणांना आधीच्या सवयी विचारल्या, त्यांचा स्वभाव मोजला, काहींना हिंसा नसलेल्या पॉर्न चित्रफिती दाखवल्या आणि स्त्रियांविषयीची मते तपासली. आजवर जास्त पॉर्न पाहिलेल्या पुरुषांची मते समतेपासून अधिक दूर आणि स्त्रियांविषयी अधिक वैरभावाची आढळली. स्त्रियांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही.

इथवरचा निष्कर्ष पहिल्या बाजूला आवडेल, पण अभ्यास इथे थांबत नाही. प्रयोगात चित्रफिती दाखवल्यावर वैरभाव वाढला तो सगळ्यांचा वाढला नाही. ज्यांच्या स्वभावात दुसऱ्याचे मन जाणून घेण्याची, जुळवून घेण्याची वृत्ती कमी होती, त्यांच्यातच तो वाढला. ही वाढ लैंगिक उत्तेजनेच्या वाटेने होते, असेही विश्लेषणातून पुढे आले. याचा अर्थ मला असा लागतो की कोऱ्या मनावर पॉर्न काही नवे लिहीत असेलच असे नाही, पण मनात स्त्रीविषयी जे कडवट आधीच साठलेले असते, ते उत्तेजनेच्या क्षणी सहज वर येते आणि त्या क्षणाच्या सुखाशी जोडले जाते. सरासरी काढली तर हा परिणाम लहान दिसतो, आणि तसा तो आहेही. परंतु सरासरी ही फसवी गोष्ट आहे. दहाजणांपैकी आठांवर काहीच परिणाम झाला नाही आणि दोघांवर मोठा झाला, तरी सरासरी लहानच निघेल. त्या दोघांच्या सहवासात येणाऱ्या स्त्रियांना मात्र त्या सरासरीचा काडीचा उपयोग नसतो.

त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष फारसा चर्चेत येत नाही. चित्रफिती पाहिल्यानंतर स्त्रियांमध्ये वैरभावापेक्षा वेगळ्याच प्रकारच्या लिंगभेदी मतांवर परिणाम झालेला दिसला. हा प्रकार समजून घ्यायचा तर पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६ साली तयार केलेली २२ विधानांची प्रश्नावली आठवावी लागते. लिंगभेदी मतांना दोन चेहरे असतात, असे त्यांनी दाखवून दिले. एक चेहरा उघड वैराचा आहे: स्त्रिया पुरुषांना मुठीत ठेवू पाहतात, क्षुल्लक गोष्टीचे भांडवल करतात, समतेच्या नावाखाली सवलती उकळतात, ही त्याची भाषा. दुसरा चेहरा कनवाळू आहे: स्त्री पुरुषापेक्षा शुद्ध असते, नाजूक असते, तिला जपले पाहिजे, तिचे रक्षण केले पाहिजे. या दुसऱ्या चेहऱ्याला लिंगभेद म्हटले की अनेकांना राग येतो. पण १९ देशांतील १५ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून २००० साली असे दिसले की ज्या समाजात स्त्रियांविषयी वैरभाव जास्त, तिथे हा कनवाळूपणाही जास्त असतो आणि प्रत्यक्ष विषमताही जास्त असते. दोन्ही भाव एकाच व्यवस्थेत राहतात. चौकटीत राहणाऱ्या स्त्रीला कनवाळूपणा मिळतो आणि चौकट ओलांडणारीच्या वाट्याला वैर येते.

आता पॉर्नला होणाऱ्या नेहमीच्या विरोधाकडे या नजरेने पाहा. 'आपल्या लेकीबाळींची अब्रू', 'स्त्रीचे पावित्र्य', 'चांगल्या घरातल्या मुली' या शब्दांत जेव्हा तो विरोध मांडला जातो, तेव्हा तो नकळत त्याच दोन खणांच्या कपाटाचे रक्षण करत असतो, ज्यातून पॉर्न आपला माल उचलते. वरच्या खणात पूजनीय स्त्री आणि खालच्या खणात वापरायची स्त्री, ही वाटणी पॉर्नच्या निर्मात्यांनी शोधलेली नाही. ती त्यांना आयती मिळाली. त्यामुळे पावित्र्याच्या भूमिकेतून केलेल्या विरोधाने तरुणाची नजर बदलत नाही. तो पडद्यावरच्या स्त्रीला खालच्या खणात टाकतो, घरातल्या स्त्रीला वरच्या, आणि दोघींनाही माणूस म्हणून पाहण्याची गरज त्याला पडत नाही. मला स्वतःला या उद्योगाविषयी मुळीच आस्था नाही, पण त्याला चुकीच्या कारणासाठी विरोध करणाऱ्यांचा मोठा जमाव ही या प्रश्नातली एक मोठी अडचण आहे, असे मी मानतो.

स्वातंत्र्यवादी बाजूच्या हातातही एक जोरकस पुरावा आहे. अमेरिकेत अनेक दशके चालत आलेल्या एका सर्वसाधारण सामाजिक पाहणीतील सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची उत्तरे टेलर कोहट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॉर्न पाहणाऱ्यांची मते न पाहणाऱ्यांच्या तुलनेत अधिक समतावादी निघाली. स्त्रियांनी सत्तेच्या पदांवर असणे, घराबाहेर काम करणे, गर्भपाताचा हक्क, या विषयांवर त्यांचा कल अधिक मोकळा होता. पॉर्न म्हणजे स्त्रीद्वेषाची शाळा, हे सरधोपट विधान यापुढे कोणी केले तर त्याला या आकड्यांचे उत्तर द्यावे लागेल.

मात्र हे आकडे नेमके काय मोजतात, तेही पाहायला हवे. एक तर न पाहणाऱ्यांच्या गटात धार्मिक आणि परंपरानिष्ठ लोकांचा भरणा असणे स्वाभाविक आहे, आणि अशा लोकांची स्त्रियांच्या नोकरीविषयीची मते तुलनेने जुनी असणार. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. विचारलेले प्रश्न बहुतांशी सार्वजनिक जीवनाचे आहेत: कचेरी, राजकारण, कायदा. गेल्या अर्धशतकात समतेची सर्वाधिक पेरणी याच क्षेत्रांत झाली आहे, आणि शिकलेला कोणताही तरुण आज या प्रश्नांना 'बरोबर' उत्तरे देतो, बहुधा प्रामाणिकपणेच देतो. स्त्री वरिष्ठाच्या हाताखाली काम करायला त्याची हरकत नसते, बहिणीने नोकरी सोडू नये असे त्याला मनापासून वाटते. हाच तरुण एकांतात मात्र जोडीदाराचा नकार हा लाजेचा किंवा खेळाचा भाग मानू शकतो, तिला त्रास होत असेल तर ती सांगेलच असे गृहीत धरू शकतो, आणि तिने स्वतःहून इच्छा व्यक्त केली तर तिच्याविषयी मनातल्या मनात वेगळेच मत करून घेऊ शकतो. त्याच्या मनातली समता कचेरीच्या दारापर्यंत येऊन थांबलेली असते. पॉर्न जे दाखवते ते या दाराच्या आतले आहे, म्हणून त्याचा परिणामही आतच शोधायला हवा. कोहट यांचे आकडे आणि हाल्ड यांचे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. ते एकाच घराच्या दोन वेगळ्या खोल्या मोजतात.

आतल्या खोलीत काय दाखवले जाते, याचीही मोजदाद झाली आहे. ॲना ब्रिजेस आणि सहकाऱ्यांनी सर्वाधिक खपाच्या चित्रफितींमधील ३०४ दृश्ये तपासून २०१० साली सांगितले की त्यांपैकी ८८ टक्के दृश्यांत शारीरिक आक्रमकतेची काही ना काही कृती होती. चापट मारणे, घुसमटवणे यांसारख्या या कृती बहुसंख्य वेळा स्त्रीवर होत होत्या. २०२० मध्ये दोन मोठ्या मोफत संकेतस्थळांवरील चार हजारांहून अधिक दृश्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण एका स्थळावर ४५ टक्के आणि दुसऱ्यावर ३५ टक्के निघाले. आक्रमकता सोसणारी व्यक्ती जवळपास प्रत्येक वेळी स्त्री होती. या आकड्यांवर आक्षेप आहेत. परस्परसंमतीने दिलेली चापटही आक्रमकता म्हणून का मोजावी, असे विचारले जाते, आणि सोसणाऱ्याला नको असलेली कृती एवढीच हिंसेची व्याख्या धरली तर टक्केवारी एकदम खाली येते.

व्याख्येच्या या वादात दोन्ही पक्ष ज्या गोष्टीवरून पुढे निघून जातात, ती मला सर्वांत चिंताजनक वाटते. या दृश्यांतील स्त्री बहुतेक वेळा आनंदाने प्रतिसाद देते किंवा काहीच प्रतिक्रिया देत नाही. पडद्यावर संमती मिळालेली दिसते, पण ती विचारलेली दिसत नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणाआधी काय चालेल आणि काय चालणार नाही याची बोलणी होत असतील, करारावर सह्या होत असतील, मध्येच थांबून पाणी प्यायले जात असेल, एखादे दृश्य नकोसे झाल्यामुळे अर्ध्यावर सोडलेही जात असेल; संकलनात हे सगळे कापले जाते, कारण गिऱ्हाइकाला ते नको असते. उरतो तो असा एक प्रसंग, ज्यात कोणी कोणाला काही विचारत नाही आणि तरीही सर्वांना सर्व काही हवे असते. ज्या तरुणाला हे एका उद्योगाने बेतलेले दृश्य आहे हे ठाऊक आहे, तो त्याकडे करमणूक म्हणून पाहील. ज्याला स्त्रीच्या इच्छेविषयी दुसरीकडून कधी काही ऐकायलाच मिळाले नाही, तो त्यातून माहिती घेईल, आणि विचारण्याची गरज नसते ही त्या माहितीतली पहिली गोष्ट असेल.

शिवाय शिकवण फक्त दृश्यांतून मिळते असे नाही. ब्रिटनमधील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पॉर्न संकेतस्थळांवर पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला मुखपृष्ठावर कोणती शीर्षके दिसतात, याचा अभ्यास फियोना व्हेरा-ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडला. दर आठ शीर्षकांमागे एकात लैंगिक हिंसेचे वर्णन होते. शीर्षकाला अजून म्हणावे तसे कोणी गांभीर्याने घेतलेले नाही. चित्रफितीत प्रत्यक्ष काय आहे ते कदाचित बेताचेच असेल, पण तिच्यावरची पाटी स्त्रीचे नाव काढून तिथे शिवी घालते, तिला फसवल्याचे, अद्दल घडवल्याचे, नको म्हणत असताना मिळवल्याचे अभिमानाने सांगते. ही पाटी दिसायला चित्रफीत पाहावीही लागत नाही; पान उघडले की डझनावारी पाट्या एकदम डोळ्यांसमोर येतात. कॅमेऱ्यापुढची स्त्री ती लिहीत नाही. विक्रेता लिहितो, आणि कोणत्या शब्दाला जास्त गिऱ्हाईक मिळते ते पाहून पुढची लिहितो. वैरभावाची भाषा तरुणांच्या तोंडी कुठून येते असा प्रश्न पडणाऱ्यांनी दृश्यांच्या आधी या पाट्या वाचाव्यात.

कारण आणि परिणाम यांची दिशा ठरवणे इथे सोपे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. नेदरलँड्समधील योखेन पीटर आणि पट्टी वाल्केनबर्ग यांनी किशोरवयीनांचा काही काळ पाठपुरावा करून २००९ साली दाखवले की लैंगिक चित्रफिती पाहण्याने स्त्रीकडे उपभोगाची वस्तू म्हणून पाहण्याची वृत्ती वाढते, आणि मुलांमध्ये ही वृत्ती असेल तर तिच्यामुळे असे पाहणेही वाढते. म्हणजे हे चक्र आहे, आणि ते लवकर सुरू होते. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार पॉर्न पहिल्यांदा नजरेस पडण्याचे सरासरी वय १३ वर्षे होते. आपण ज्याला तरुण प्रौढ म्हणतो, त्याच्या मागे अशा रीतीने आधीच सहासात वर्षांचा अभ्यासक्रम झालेला असतो.

बंदीचा मार्ग जुना आहे आणि त्याचा इतिहासही बोलका आहे. इंग्लंडमध्ये १८६८ च्या हिक्लिन खटल्याने अश्लीलतेची कसोटी घालून दिली ती वाचकाचे मन भ्रष्ट होण्याची. स्त्रीचा त्यात विचारच नव्हता. पॉर्नचा प्रश्न समतेचा आहे, ही मांडणी अमेरिकेत कॅथरीन मॅकिनन आणि अँड्रिया ड्वॉर्किन यांनी १९८० च्या दशकात केली. इंडियानापोलिसने त्या धर्तीवर केलेला स्थानिक कायदा न्यायालयात टिकला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९२ च्या बटलर खटल्यात स्त्रियांना होणारे नुकसान हा निकष मान्य केला. त्यानंतर त्या देशातील सीमाशुल्क अधिकारी समलिंगी वाचकांसाठी चालवलेल्या एका पुस्तक दुकानाची पुस्तके अडवतच राहिले, आणि तो भेदभाव होता हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला २००० साल उजाडले. समतेच्या नावाने केलेली बंदीसुद्धा अंमलबजावणी करणाऱ्याच्या हातात गेली की त्याच्या पूर्वग्रहांप्रमाणे चालते, हे मॅकिनन यांचा युक्तिवाद पटणाऱ्या माझ्यासारख्यालाही नाकारता येत नाही.

वयाची पडताळणी हा सध्याचा आवडता उपाय आहे. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून पॉर्न संकेतस्थळांना ती बंधनकारक झाली, आणि लहान मुलांच्या बाबतीत अशा अडथळ्याला माझा विरोध नाही. परंतु ज्या वयोगटाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याला हे दार अठराव्या वाढदिवशी आपोआप उघडे होते, आणि आत गेल्यावर दिसणाऱ्या पाट्या त्याच असतात.

शिक्षणाने फरक पडू शकतो, असे मानायला आधार आहे. लॉरा वान्डेनबॉश आणि योहाना व्हान ओस्टेन यांनी नेदरलँड्समधील १३ ते २५ वयोगटातील मुलामुलींचा अभ्यास करून २०१७ साली सांगितले की शाळेत पॉर्नविषयी जितके अधिक शिकवले गेले होते, तितका पॉर्न पाहणे आणि स्त्रीला वस्तू समजणे यांतील संबंध दुबळा झाला होता. अशा शिक्षणात शरीरशास्त्राचे चार धडे आणि रोगांची भीती यांच्या पलीकडचे काही हवे. दृश्य कसे बेतले जाते, काय कापले जाते, शीर्षक कोण ठरवतो, पैसा कोणाच्या खिशात जातो, एवढे समजलेला तरुण त्या पडद्याकडे पूर्वीसारखा पाहू शकत नाही. संमतीचा विषयही 'नाही म्हणजे नाही' या घोषणेवर सोडून चालणार नाही. विचारावे कसे, उत्तर अस्पष्ट असेल तर काय करावे, नकार ऐकल्यावर स्वतःचा अपमान का वाटतो, हे सगळे बोलावे लागेल. असे बोलताना पाहणाऱ्याला शरमिंदे करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, कारण शरमेने माणूस पाहणे थांबवत नाही, फक्त त्याविषयी बोलणे थांबवतो.

तरीही शिक्षणावर सगळा भार टाकण्यात एक गोम आहे. हाल्ड यांच्या प्रयोगात ज्यांचा वैरभाव वाढला, ते दुसऱ्याचे म्हणणे समजून घेण्याची वृत्ती कमी असलेले लोक होते. वर्गात बसून मोकळी चर्चा करायला आणि आपली मते तपासून पाहायला तेच सर्वांत नाखूश असणार. म्हणून मला पाट्यांचा मुद्दा आधी हाती घेण्यासारखा वाटतो. फसवणूक, बळजबरी आणि नकार मोडून काढणे यांची जाहिरात करणारी शीर्षके आणि वर्गवारीची नावे ही व्यापारी जाहिरात आहे. तिला जाहिरातीचे नियम लावले तर कोणाच्याही खाजगी पाहण्यात हात घालावा लागत नाही आणि कलाकृतीचे स्वातंत्र्यही धोक्यात येत नाही. हा उद्योग ऐकणार नाही, असे कोणी म्हणेल. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी पॉर्नहबवरील व्यवहार थांबवण्याचे पाऊल उचलले, आणि त्या काही दिवसांतच त्या संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेल्या लाखो चित्रफिती काढून टाकल्या. कित्येक वर्षांच्या तक्रारींनी जे झाले नव्हते ते पैशाची नळी आवळल्याबरोबर झाले. शीर्षकांच्या बाबतीतही तीच नळी उपलब्ध आहे, आणि तिच्यासाठी एकाही तरुणाला वर्गात बसायला राजी करावे लागणार नाही.